मैत्री पडवीत बसवा

बाई आणि पुरुष यांच्यात निव्वळ मैत्री असते का, यावर फेसबुकवर दर थोड्या दिवसांनी भांडण जुंपतं. अर्धे म्हणतात, आगीजवळ लोणी वितळणारच. उरलेले म्हणतात, मन साफ असलं की झालं. माझं मत दोघांनाही पटणार नाही. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी मैत्री मनातल्या पापाने कमी मोडते आणि लपवाछपवीने जास्त.

असू शकत नाही म्हणणाऱ्यांनी एकदा हर्णैच्या बंदरावर लिलावाला उभं राहावं. होड्यांवरून मासळी उतरवणारे पुरुष, ती घेऊन बाजारात बसणाऱ्या बायका. रोख दर वेळी हातात असतेच असं नाही, बराच व्यवहार तोंडच्या शब्दावर चालतो. त्यात थट्टा असते, शिव्या असतात, घरातल्या आजारपणाची चौकशी असते. हे सगळं शंभर जणांच्या डोळ्यांदेखत होतं, म्हणून कुणाला खुपत नाही.

डोनाल्ड ओमीरा या अमेरिकन अभ्यासकाने 1989 साली अशा मैत्रीपुढच्या चार अडचणी मांडल्या: ही भावना नेमकी कसली, शरीराची ओढ आहे का, दोघांत बरोबरी आहे का, आणि लोकांना हे नातं सांगायचं कसं. शहरात पहिल्या दोनवर रात्ररात्र चर्चा होते. वाडीत चौथी सगळ्यात जड. तिसरीकडे, म्हणजे बरोबरीकडे, कुणी बघतच नाही, आणि खरी मेख तिथे आहे. बोभाटा झाला तर त्याला चार दिवस चिडवतात. तिची नोकरी सुटते, निदान एसटीची वेळ तरी बदलते. म्हणून नातं उघड ठेवायचं काम आधी त्याने करायचं. आपल्या बायकोशी तिची ओळख त्याने करून द्यायची, आणि तीही पहिल्या महिन्यात. वर्षभराने करून दिलेल्या ओळखीतून ‘इतके दिवस का नाही?’ एवढाच प्रश्न उरतो.

मुळात मैत्री होते कशी, तर तासांनी. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासात नुसती ओळख साध्या मैत्रीत बदलायला साधारण 50 तास लागले आणि जवळच्या मैत्रीला 200 च्या वर. एकत्र काम केल्याचे तास त्यात फारसे उपयोगी पडत नाहीत, मोकळ्या गप्पांचे पडतात. आता आपला हिशोब करा. एकाच एसटीने जाऊन-येऊन दीड तास, महिन्याचे 22 दिवस, म्हणजे 33 तास. सहा महिन्यांत जवळजवळ 200 भरतात. दोघांनी काही ठरवलेलं नसतं, घाटातला रस्ता मात्र आपलं काम करत असतो. त्यामुळे ‘हे कधी झालं कळलंच नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खोटं नसतं.

ओढीबद्दल आता. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये झालेल्या आणि 2012 साली छापून आलेल्या एका अभ्यासात मित्र-मैत्रिणींच्या 88 जोड्यांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. पुरुषांना ओढ जास्त वाटत होती, शिवाय समोरचीला आपल्याबद्दल तितकीच वाटते हा त्यांचा अंदाजही फुगलेला होता. ती मुलं अमेरिकेतली कॉलेजची, पण हा फुगलेला अंदाज कुठल्याही स्टँडवर बघायला मिळतो. तिने डब्यातलं घावन दिलं म्हणजे तिने घावनच दिलं. ओढ वाटलीच तर ती लगेच बोलून दाखवायची गरज नाही. महिनाभर दोघांनीच भेटणं टाळा, चौघांत भेटा. बऱ्याचदा ती ओसरते. नाही ओसरली तर एकदा, दिवसाउजेडी, समोर बसून विचारा. ‘नाही’ आलं की विषय संपला. दुसऱ्यांदा विचारणं, रुसणं, स्टेटसला दर्दभऱ्या ओळी ठेवणं यांनी उरलेली मैत्रीही जाते.

बिघडायला सुरुवात कुठे होते ते सांगतो. रात्री अकरानंतरचे मेसेज, त्यातही पुसून टाकलेले. मजकूर कितीही साधा असो, पुसला की त्याला अर्थ चिकटतो. दुसरी जागा म्हणजे जोडीदाराची गाऱ्हाणी. ‘आमच्या ह्यांना काही कळत नाही’ एकदा बोलणं माणसाचं आहे. रोज तेच सुरू झालं की ऐकणारा नकळत ‘ह्यांच्या’ जागी जाऊन बसतो. तिसरी उसने पैसे. द्यायचे तर बँकेतून द्या, परत कधी ते लिहून ठेवा आणि घरात सांगा.

भेटायचं तर पडवीत भेटा. आपल्या जुन्या घरांची रचना यासाठी फार सोयीची आहे. अंगणातून जाणाऱ्याला माणसं दिसतात, बोलणं ऐकू जात नाही. (बंद फ्लॅटमध्ये ही सोय नाही, तिथे दार उघडं ठेवा.)

राखीचा उपाय मला पटत नाही. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ आणि त्याच दिवशी मानलेल्या भावाला राखी, की गावाची तोंडं बंद. पण मनात ओढ असताना बांधलेली राखी दोघांना अडकवते. त्याला विचारता येत नाही, म्हणून तिला नाही म्हणता येत नाही. शिवाय भाऊ झाला की काही दिवसांत तो ‘रात्री कुठे होतीस?’ विचारायला लागतो. मित्राला हा हक्क नसतो, तेच बरं.

त्यापेक्षा गणपती वापरा. सगळ्यांची दारं उघडी असतात, कोण कुणाकडे आला याचं नवल नसतं. पहिल्या वर्षी त्याने बायकोमुलांसह यावं, लग्न झालं नसेल तर ऑफिसातल्या दोघांना घेऊन. आरतीला थांबावं, झांजा वाजवाव्यात. मुंबईहून आलेली आत्या ‘ह्यो कोण गो?’ विचारणारच. उत्तर आधी ठरवून ठेवा आणि दोघांनी तेच द्या: ऑफिसातला मित्र. ती ‘सहकारी’ म्हणाली आणि तो ‘मैत्रीण’ म्हणाला, तर चाकरमानी परतायच्या आत वाडीत तिसरंच काही पसरलेलं असेल.

आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं त्याच्या बायकोला तिने स्वतः फोन करून द्यावं. त्याच्या हाती निरोप धाडू नये.