‘आधी आपापलं पक्कं करा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, तुमची प्रतिक्रिया परवा संध्याकाळी वाचली. लगेच बसले असते तर रागात लिहिलं गेलं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. तुम्ही औषधशास्त्र शिकवण्यात उभी हयात घालवली आहे, त्यामुळे तुमचं म्हणणं वरवर घेऊन चालणार नाही.

ज्यांनी मूळ नोंद वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात मी इथे एका तासिकेचं सगळं साहित्य ठेवलं. डिस्चार्ज होणाऱ्या एका मधुमेही आजीची फाइल आणि ती समोर ठेवून नर्सिंग, एमबीबीएस, फिजिओथेरपी आणि फार्मसीच्या मुलामुलींनी दीड तास एकत्र बसून काय करायचं, याच्या सूचना. उतरवून घ्या, बदला, वापरा, असंही लिहिलं होतं. त्यावर सरांचं म्हणणं असं, की मुलांना स्वतःचा विषय धड येत नाही, तिथे दुसऱ्याचा कशाला. हे बाहेरून आलेलं खूळ आहे. असं साहित्य मोकळं सोडलं की कुणीही काहीही बदलेल आणि चुका पसरतील. आणि एकत्र काम करणं वॉर्डात शिकतात, कागदावरून नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. वेगवेगळ्या आरोग्य-व्यवसायांच्या मुलांनी एकत्र शिकणं, म्हणजे ‘इंटरप्रोफेशनल’ शिक्षण, या विषयावर जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली जो आराखडा काढला, त्यात दोन किंवा अधिक व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकावं असं म्हटलं आहे. यातलं ‘सोबत’ कुठल्याही फाइलमध्ये मावत नाही. पण सर, वॉर्डात सगळे असतात हे मोठ्या कॉलेजातलं चित्र झालं. मी नर्सिंग ट्यूटर म्हणून पहिली सहा वर्षं तालुक्याच्या गावी काढली. जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग पदविकेच्या मुली, दोन खोल्या आणि प्रॅक्टिकलला ग्रामीण रुग्णालय. फिजिओथेरपिस्ट कुणी बघितलेलाच नव्हता. अर्धांगवायूच्या पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, कुठल्या हाताला धरून ओढायचं नाही, हे मी पुस्तकातून वाचून दाखवायचे आणि मुली उतरवून घ्यायच्या. तेव्हा एखाद्या फिजिओच्या शिक्षिकेनं तिच्या वर्गातली चार पानं आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ मोकळा ठेवला असता, तर माझ्या मुलींना ‘एकमेकांकडून’ एवढं तरी मिळालं असतं. ‘बद्दल’, ‘कडून’ आणि ‘सोबत’ या तिन्हींपैकी दोन मिळाले तर दोन घ्यावेत. हे साहित्य मी ठेवते ते त्या दोन खोल्यांसाठी.

आता चुका पसरण्याबद्दल. हा तुमचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि त्यावर मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण चूक माझीच झाली होती.

फाइलमधल्या आजी खऱ्या नाहीत. खऱ्या पेशंटचा केस पेपर नाव खोडून वाटणं मला पटत नाही. गाव लहान असलं की वय आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतं. म्हणून तीन-चार पेशंटच्या गोष्टी एकत्र करून ही फाइल रचली. डिस्चार्ज कार्डावर मी लिहिलं होतं, ‘इन्सुलिन ३०/७०, सकाळी २० युनिट, रात्री १० युनिट’. तीन बॅचेसना मी ते शिकवलं. कुणी बोट ठेवलं नाही.

साहित्य इथे ठेवल्यावर आठवड्याभरात डी.फार्म (फार्मसीची पदविका) शिकवणाऱ्या एका मॅडमची मेल आली. एकच प्रश्न होता : सिरिंज कुठली?

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी लिहिते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० च्या ताकदीच्या मिळतात, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिज आणि काही बाटल्या १०० च्या असतात. सिरिंजाही तशाच दोन : लाल टोपणाची ४० साठी, नारिंगी टोपणाची १०० साठी. मेडिकलच्या काउंटरवर, संध्याकाळच्या गर्दीत, पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी यांत किती फरक दिसतो ते एकदा जाऊन बघावं. बाटली ४० ची आणि सिरिंज नारिंगी टोपणाची असली, तर ‘२०’ च्या रेघेपर्यंत भरलं तरी आजींच्या पोटात ८ युनिट जातात. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात. उलट झालं, म्हणजे इन्सुलिन १०० चं आणि सिरिंज लाल टोपणाची, तर त्याच २० च्या रेघेला ५० युनिट जातात. साखर धोकादायक इतकी खाली जाते; याचा परिणाम काय ते तुम्हीच वर्षानुवर्षं शिकवलं आहे.

डॉक्टरांनी २० लिहिलं, ते बरोबर. सिस्टरनं २० ची रेघ दाखवली, तेही बरोबर. फार्मासिस्टनं इन्सुलिनची सिरिंज मागितली तशी दिली. सुनेनं रेघेपर्यंत भरलं. सगळे आपापल्या विषयात पक्के होते, सर, आणि तरी आजी कोसळू शकतात, कारण चूक कुणाच्याच विषयात नव्हती. ती दोन विषयांच्या मधल्या फटीत होती. ‘आधी आपापलं पक्कं करा’ हे तुमचं वाक्य मी मनापासून मानते, पण ही फट त्यानं बुजत नाही.

आणि ती चूक सापडली ती मोकळं ठेवल्यामुळे. माझ्या कपाटात ते पान राहिलं असतं तर मी चौथ्या बॅचलाही तसंच शिकवलं असतं. जुनी प्रत कुणाकुणाकडे पोचली हे मला माहीत नाही, ही तुमची भीती खरी आहे आणि त्यानं मलाही झोप लागली नव्हती. त्यावर मी एवढं केलं : आता प्रत्येक पानाच्या खाली तारीख आहे, सुरुवातीलाच काय बदललं आणि का याची नोंद आहे, आणि सिरिंजची चूक पुसून न टाकता धड्यातच घेतली आहे. मुलांना जुनंच कार्ड द्यायचं आणि काय राहिलं ते शोधायला लावायचं.

बदलू द्यावं की नाही, याबद्दल एक उदाहरण. शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेची जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट तुम्ही ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) भिंतीवर पाहिली असेल. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. २००९ साली हे प्रसिद्ध झालं. त्या कागदाच्या तळाशीच लिहिलेलं आहे, की ही यादी परिपूर्ण नाही, आपापल्या ठिकाणाप्रमाणे भर घालावी, बदल करावेत. जिवाशी गाठ असलेला कागद, आणि तो बदला असं स्वतःच सांगतो. त्यातली एक ओळ तर आपल्या विषयाचीच आहे : चिरा देण्याआधी टीममधल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगितलं का? ज्या ओटीत सिस्टरला फक्त ‘सिस्टर’ आणि वॉर्डबॉयला फक्त ‘मामा’ म्हणतात, तिथे या ओळीला किती किंमत आहे ते आत उभं राहिलेल्यालाच कळतं.

मी साहित्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावला आहे. नाव द्या, विकू नका, बदल केलात तर तोही असाच मोकळा ठेवा.

बाहेरून आलेल्या खुळाबद्दल फार लिहीत नाही. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या कित्येकींनी शाळा पाहिली नव्हती, आणि पुढे त्याच बायका जामखेडला येणाऱ्या डॉक्टर-नर्सना शिकवू लागल्या. ‘इंटरप्रोफेशनल’ हा शब्द तिथे कुणाला लागला नाही. उलट आज नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली १९९८ पासून एमबीबीएस, डेंटल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपी सगळे एका छताखाली आहेत, आणि तरी एकाच आवारातली मुलं एकमेकांना फक्त कॅन्टीनमध्ये भेटतात. फार्मसी तर दुसऱ्याच विद्यापीठांकडे.

मागच्या तासिकेतलं एक सांगते. एमबीबीएसच्या मुलानं ‘सकाळी जेवणाआधी अर्धा तास’ असं समजावलं, अगदी बरोबर. नर्सिंगच्या मुलीनं विचारलं, आजी जेवतात कधी? फाइलमध्ये होतं : सकाळी सातला कोरा चहा, मग सून शेतावरून आली की अकराला भाकरी. मुलगा गप्प झाला. मग फिजिओची मुलगी म्हणाली, यांना सिरिंजवरच्या रेघा दिसतात का हे कुणी बघितलं? दहा मिनिटं चौघं त्या एका कार्डावर वाकून बसली होती. शेवटी डोसच्या शेजारी एमबीबीएसच्याच मुलानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘इंजेक्शन सून आल्यावर. भाकरी तयार असेल तरच.’ त्याचं औषधशास्त्र त्या दिवशी कच्चं झालं असं मला वाटत नाही, सर.

आता एक विनंती. नवी प्रत काल टाकली आहे. चौथ्या पानावर साखर कमी झाल्याची लक्षणं आणि घरच्यांनी काय करायचं ते आहे. आजींना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरची गोळीही चालू आहे, आणि त्या गोळीनं छातीची धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतो, एवढं मी लिहिलं आहे. ते एएनएमच्या (गावपातळीवरच्या नर्सच्या अभ्यासक्रमाच्या) मुलीला कळेल इतक्या सोप्या भाषेत आणि तरी बिनचूक कसं मांडावं, यावर मी अडकले आहे. तुम्ही ते पान तपासून दिलंत तर तुमच्या नावासकट दुरुस्ती टाकते. पुढची बॅच सोमवारी बसते आहे.