दर रविवारी दहा मिनिटे

गाडी चालवून चालवून बिघडली, तर ते मी समजू शकतो. पण तळघरात, सावलीत, वर कव्हर घालून पाच आठवडे सुखाने उभी असलेली गाडी नेमकी मुंजीला निघायच्या पहाटे ‘टक-टक-टक-टक’ एवढेच बोलत असेल, तर त्या गाडीला, ती बनवणाऱ्यांना आणि ‘दर रविवारी दहा मिनिटं नुसती सुरू ठेवा, काही होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रत्येकाला चार शब्द सुनावण्याचा हक्क मला आहे, असे मी मानतो.

गाडी उभी का होती, तर मी शहाणपणाने वागलो म्हणून. मार्च २०२२ मध्ये पुण्यात वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली, पुढे ती रामवाडीपर्यंत गेली, आणि कर्वे रस्त्यावर रोज क्लच दाबून पाय सुजवून घेण्यापेक्षा मी वनाजला मेट्रोत बसू लागलो. गाडीची आबाळ होऊ नये म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळीच विचारून घेतले होते. तिथल्या सल्लागाराने हेच दहा मिनिटांचे व्रत सांगितले आणि मी ते चातुर्मासाच्या निष्ठेने पाळले. दर रविवारी चहाचा कप घेऊन खाली जायचे, गाडी सुरू करायची, उकडते म्हणून एसी लावायचा, तळघरात अंधार म्हणून दिवे लावायचे, बातम्या ऐकायच्या आणि कर्तव्य पार पडल्याच्या समाधानात वर यायचे.

मुंज वाईला होती, आतेभावाच्या मुलाची. मुहूर्त आठ बावन्नचा. आई पैठणी नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून मागच्या सीटवर बसली आणि मी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे समईसारखे मिणमिणले, सेल्फने एकदा कण्हल्यासारखे केले आणि मग ती टकटक सुरू झाली. मी चिडून सहा-सात वेळा चावी फिरवली, ही माझी चूक, मान्य. त्यानंतर टकटकही थांबली आणि डॅशबोर्ड काळा पडला.

आता खरा विनोद पुढे आहे. उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज देणारी जंपर केबल माझ्याकडे होती. मी दूरदर्शी मनुष्य आहे, पाऊण हजार रुपये खर्चून घेतली होती. ती डिकीत होती. आणि या गाडीची डिकी विजेच्या बटणावर उघडते. तिला चावीचे भोकच नाही. म्हणजे बॅटरी उतरल्यावर लागणारी वस्तू ठेवण्याची जागा बॅटरी उतरली की उघडत नाही. हे ज्या अभियंत्याच्या डोक्यातून निघाले, त्याला एकदा आमच्या तळघरात आणून, मागची सीट पाडून, धुवट झब्बा-पायजम्यात पोटावर सरपटत डिकीत शिरायला लावावे, अशी माझी नम्र इच्छा आहे.

तोवर सल्लागारमंडळ जमले होते. पुण्यात पहाटे पावणेसहाला मदतीला माणूस मिळणार नाही, पण मत द्यायला चार मिळतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका फिरायला निघाले होते, ते म्हणाले, “धक्का मारा, सेकंडला टाकून क्लच सोडा.” मी म्हटले, “काका, दोन वर्षांपूर्वी बदलली गाडी. ही ऑटोमॅटिक आहे, हिला क्लचच नाही.” ते म्हणाले, “म्हणूनच घेऊ नये असल्या गाड्या.” दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी पेट्रोल आहे का ते विचारले. हेल्पलाइनला फोन लावायला रॅम्पवर जावे लागले, कारण तळघरात रेंज नाही. तिकडून उत्तर आले, दीड तास.

सुटका केली ती विमानतळाचे भाडे घ्यायला आलेल्या एका टॅक्सीवाल्याने. लाल चिमटा आमच्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल त्याच्या प्लसला, काळा त्याच्या मायनसला; आणि शेवटचा काळा मी उत्साहाने आमच्या मायनसला लावायला गेलो तेव्हा त्याने माझा हात धरला. “तिथं नको साहेब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा. बॅटरीपाशी गॅस असतो, ठिणगी पडली तर भडका.” त्याचे इंजिन पाच मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारला आणि गाडी अशी सुरू झाली, जणू काही झालेच नव्हते. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. आम्ही वाईला पोहोचलो तेव्हा मंगलाष्टके होऊन बटू भिक्षावळीला बसला होता, आणि आई आजतागायत मातृभोजन चुकल्याचे ऐकवते.

परत आल्यावर मी हिशेब केला, आणि तेव्हा मला खरा राग आला. बंद गाडी बंद नसते. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारे लॉक आणि संगणक मिळून ती झोपेतही पन्नास मिलिअँपिअरच्या आसपास वीज खाते. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतली वीज मोजायचे माप), आठवड्याला आठाच्या वर. आमची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची. दहा मिनिटे जागेवर घरघर करून, त्यातही एसी आणि दिवे लावून, परत किती भरते? फार तर दोन. आठवड्याला आठ काढायचे, दोन भरायचे आणि पाचव्या आठवड्यात खाते रिकामे का म्हणून कपाळाला हात लावायचा! वर एवढ्या वेळात इंजिन पुरते तापतही नाही आणि सायलेन्सरमधले पाणी तिथेच साचते. हे गणित पाचवीतल्या मुलाला येईल. पण मला व्रत सांगणाऱ्याने ते कधी केले नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की मीही केले नाही.

बॅटरीच्या दुकानात मीटर लावला तर ११.९ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. बॅटरी जेमतेम चौदा महिन्यांची, म्हणून मी वॉरंटीचे कार्ड पुढे केले. दुकानदार ते न वाचताच म्हणाला, “उतरलेली बॅटरी वॉरंटीत बसत नाही, बिघडलेली बसते. नवीन टाका, साडेपाच हजार.” मी हटून बसल्यावर त्याने रात्रभर हळूहळू चार्ज केली, आणि सकाळी तीच ‘टाकाऊ’ बॅटरी १२.६ दाखवत होती. उतरलेल्या अवस्थेत तशीच आठवडेच्या आठवडे पडली असती, तर प्लेटांवर सल्फेट धरून खरेच कामातून गेली असती. तो मात्र चार्जिंगचे दोनशे रुपये घेताना असा चेहरा करून होता, की मीच त्याचे पाच हजार तीनशे बुडवले.

आता उपाय दोन. पहिला, दहा नंबरचा पाना घेऊन मायनसची वायर काढून ठेवायची. तो केला. परत जोडली की घड्याळ बारावर, म्युझिक सिस्टिम कोड मागते आणि काचा आपोआप वर जाणे विसरतात. दुसरा, आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी खरोखर पळवायची. म्हणून गेल्या रविवारी, काहीही काम नसताना, केवळ बॅटरीच्या प्रकृतीसाठी खडकवासल्याकडे निघालो. धरणावर भाजलेले कणीस खायला निघालेले अर्धे पुणे पुढे होतेच. नांदेड फाट्याच्या अलीकडे एसी आणि दिवे लावून, जागच्या जागी घरघरत, मी बरोबर पन्नास मिनिटे उभा होतो.