‘माफ झालं असेल का गं?’

सकाळी माहेरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं. ‘पाप करा, फादरच्या कानात सांगा, दहा वेळा नमो मरिये म्हणा, पुन्हा मोकळे!’ खाली धाकट्या भावाचे हसून लोळणारे चार इमोजी. नगरच्या प्रोटेस्टंट पाळकाची नातवंडं आम्ही, हा विनोद आम्हाला नवा नाही. लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात येईपर्यंत मीही हसायचे.

आधीच सांगते, मी कॅथलिक झालेले नाही. क्षमा करणारा देव, मध्यस्थ एकटा ख्रिस्त, हे संडेस्कूलमध्ये घोटवून घेतलंय ते अजून पक्कं आहे. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन, म्हणजे फादरपाशी पापांची कबुली, केलंच पाहिजे, हा 1215च्या लॅटरन परिषदेचा नियम मला जाचकच वाटतो. आणि टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक गावोगाव पापाची शिक्षा माफ करणारी क्षमापत्रं विकत फिरत होता, 1517 साली आपल्या प्रोटेस्टंट पंथाचा जनक ल्युथर उगाच भडकला नाही.

पण पप्पा आठवतात. चाळीस वर्षांपूर्वी चुलतभावाच्या जमिनीच्या कागदावर त्यांनी खोटी साक्ष दिली होती. शेवटचे दोन महिने रोज रात्री विचारायचे, ‘माफ झालं असेल का गं?’ मी म्हणायचे, ‘प्रार्थना करा, पप्पा.’ चाळीस वर्षं दुसरं काय करत होते ते! पाळकसाहेब आले, पश्चात्तापाचं स्तोत्र 51 वाचलं, देव दयाळू आहे म्हणाले, चहा घेऊन गेले.

इकडे आमच्या सासूबाई. गेल्या उपवासकाळात पापनिवेदन करून आल्या त्या थेट जावेच्या ओट्यावर जाऊन बसल्या. नऊ वर्षांचा अबोला होता. आत काय बोलणं झालं ते फादर मरेपर्यंत सांगणार नाहीत, फोडलं तर चर्चमधून बहिष्कृत. हे म्हणे ‘मोकळे’!

हो, कानाशी बसलेल्या माणसाच्या हाती सत्ता येते आणि तिचा गैरवापर झालाय. मान्य.

पण ‘देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो’ हे आपल्याकडे ज्याच्या त्याच्या तोंडी. मार्काचा दुसरा अध्याय उघडा आणि ते कोण म्हणतं बघा. यहुदी धर्मशास्त्री! येशूवर कुरकुरत. योहान 20:23 आपल्याही बायबलात आहे, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची झाली. तो अधिकार म्हणजे फक्त सुवार्ता सांगणं, असं आपण शिकलो. बरं, तसं असेल. मग ती सुवार्ता पप्पांच्या खाटेपाशी का नाही सांगितली कुणी, त्यांचं नाव घेऊन? ल्युथरने तर पापनिवेदन मोडीत काढलंच नव्हतं. 1530च्या आउग्सबुर्गच्या कबुलीनाम्यात, म्हणजे ल्युथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, एकेकट्याला क्षमावचन देण्याची रीत राखून ठेवलीय, एकूणएक पाप मोजून सांगायची सक्ती तेवढी काढली. आणि हे वचन कुठलाही ख्रिस्ती माणूस दुसऱ्याला देऊ शकतो, असं ल्युथरचं म्हणणं.

कुठलाही. म्हणजे पाळकसाहेबांवर कशाला चिडतेय मी? पप्पांचा हात माझ्याच हातात होता. ‘पप्पा, ख्रिस्ताच्या नावाने सांगते, तुमची क्षमा झाली.’ एवढंच म्हणायचं होतं. मी त्यांची उशी सारखी केली आणि दिवा घालवला.

बाळू, ते इमोजी काढ. तूही तिथेच होतास, त्यांच्या पायाशी.