शेवाळलेली विहीर आणि नारिंगी कोपरा

अमावस्येची रात्र, निरभ्र आकाश, चार तास ट्रॅकरवर, म्हणजे ताऱ्यांच्या मागे वळणाऱ्या यंत्रावर, फिरत राहिलेला कॅमेरा. एवढं सगळं करून सकाळी सगळ्या फ्रेम्स स्टॅक केल्यावर, म्हणजे एकत्र रचून एक चित्र केल्यावर, पडद्यावर काय उघडतं, तर शेवाळलेली विहीर. तिच्यात मधोमध मृगातला तेजोमेघ आहे हे आपल्याला ठाऊक असतं. घरच्यांना तो विहिरीत पडलेला कळसा वाटतो.

या हिरव्याला मी आता घाबरत नाही. तो आकाशाचा रंग नव्हे. 'सेन्सरवर दर चार पिक्सेलांत दोन हिरवे, म्हणून चित्र हिरवं' असं जो तो सांगतो, पण डीबेअर करताना, म्हणजे एकरंगी पिक्सेलांतून रंगीत चित्र घडवताना, प्रत्येक रंगाची सरासरी वेगळी निघते, त्यामुळे संख्या दुप्पट असल्याने काही बिघडत नाही. खरं कारण असं की सेन्सर हिरव्या प्रकाशाला जास्त संवेदनशील असतो आणि कच्च्या फाइलला व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लागलेला नसतो. सिरिल या फोटो-प्रक्रियेच्या प्रोग्रॅममध्ये ऑटोस्ट्रेच (अंधारं चित्र उजळून दाखवणं) लावून तिथलं साखळीचं चिन्ह दाबावं, तिन्ही रंग एकमेकांपासून सुटतात आणि विहीर क्षणात उपसली जाते. चित्र सुधारलं असं मात्र समजू नये, ते फक्त दिसायला सुधारलेलं असतं. जत्रेच्या दिवशी अंगण झाडून उरलेला कचरा माडाच्या मुळाशी लोटावा, तसा हा प्रकार.

हिरव्याऐवजी सगळेच रंग उलटेपालटे आले, किंवा बारीक चौकटींची जाळी दिसू लागली, तर बेअर पॅटर्न, म्हणजे सेन्सरवरच्या रंगीत पिक्सेलांची मांडणी, निवडताना चुकली समजा. आरजीजीबीच्या (लाल-हिरवा-हिरवा-निळा) जागी बीजीजीआर निवडलं की लाल आणि निळा जागा बदलतात. पडताळायला मृगातले दोन तारे पुरतात: काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर दिसायला हवा. काक्षी निळी दिसली, तर ताऱ्यांच्या भौतिकशास्त्राला हात घालण्याआधी सेटिंग तपासावं.

आता नारिंगी कोपरा, म्हणजे गावोगावच्या दिव्यांचा फ्रेमच्या एका कोपऱ्यात साचलेला उजेड. आमच्याकडे तो कुठल्या दिशेचा हे सांगायला होकायंत्र लागत नाही. फोंड्याच्या गच्चीवरून पश्चिमेकडे पणजीचा उजेड, मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंच्या बोटी. किनाऱ्याला कळंगुट-बागा, नैऋत्येला वेर्ण्याची औद्योगिक वसाहत. पंचांगात सर्वांत काळी रात्र दिवाळीची, आणि जमिनीवर सर्वांत उजेडी, धुराळी रात्रही तीच. पुढे डिसेंबरात गॅलऱ्यांतून नाताळची कागदी नक्षत्रं (चांदणीच्या आकाराचे कंदील) लटकतात, ती आकाशातल्या नक्षत्रांपेक्षा फ्रेममध्ये जास्त उजळ येतात. पूर्वीच्या सोडियम दिव्यांचा उजेड मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास असायचा, फिल्टरने बराच अडवता यायचा. एलईडी सगळ्या पट्ट्यावर पसरतो. बिचारा फिल्टर अडवणार तरी काय काय? सत्तरीत किंवा काणकोणच्या आत गेलं की फरक पडतो, पण रात्री दोन वाजता परतीच्या रस्त्यावर गायी बसलेल्या असतात.

हा कोपरा काढायला बॅकग्राउंड एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पार्श्वभूमीचा उजेड मोजून वजा करणं, असतं, आणि खरी माती इथेच होते. कारण साधं आहे: प्रोग्रॅमला कोपऱ्यातला उजेड आणि तेजोमेघाची कड यातला फरक कळत नाही, तो आपण दाखवायचा असतो. सॅम्पल बिंदू (जिथे प्रोग्रॅम पार्श्वभूमी मोजतो त्या जागा) आपोआप टाकून घेतले की एक-एक पाहून तेजोमेघावरचे आणि ठळक ताऱ्यांच्या प्रभेवरचे पुसावेत. देवयानी आकाशगंगा आकाशात सुमारे तीन अंश पसरलेली आहे, म्हणजे पूर्ण चंद्राच्या सहापट लांब. तिची फिकट कड डोळ्यांना जाणवत नाही, म्हणून तिथे बिंदू पडतात. मग प्रोग्रॅम तिलाच कॅसिनोचा उजेड समजून वजा करतो आणि आकाशगंगेभोवती काळी खाच उमटते. माझ्या मते नीट बघून ठेवलेले पंधरा-वीस बिंदू शंभर आंधळ्या बिंदूंपेक्षा बरे.

शिवाय मृग रात्रभर पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे पणजीच्या उजेडात उतरत जातो. पहिल्या तासाचा ग्रेडियंट (उजेडाचा चढउतार) एकीकडे, चौथ्या तासाचा दुसरीकडे. सगळे स्टॅक करून मग काढायला गेलं तर त्यांची भेसळ काढणं अवघड. म्हणून रजिस्टर करण्याआधी, म्हणजे फ्रेम्समधले तारे एकमेकांवर जुळवण्याआधी, प्रत्येक फ्रेममधून पहिल्या डिग्रीचा, म्हणजे सरळ उताराचा, ग्रेडियंट काढावा. आकाशाचा उजेड 'वजा' करायचा. 'भागायचं' ते फक्त लेन्सच्या कडांचा अंधार असेल तर. दोन्ही बटणं शेजारी-शेजारी असतात, हे कुणाच्या सूडबुद्धीने झालं ते कळत नाही.

पण कडांचा अंधार असाच काढायचा झाला तर फ्लॅट, म्हणजे कडांचा अंधार आणि धुळीचे डाग भागून काढण्यासाठीच्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेम्स, कशाला घेतल्या? फ्लॅटचं सामान म्हणजे एक पांढरी बनियन. दुहेरी घडी करून दुर्बिणीच्या तोंडावर ताणून रबरबँडने बांधावी. सुरकुती राहू देऊ नये, शिवणही मध्ये येऊ देऊ नये. पहाटे सूर्य उगवण्याआधी डोक्यावरच्या आकाशाकडे तोंड करून वीस-तीस फ्रेम्स घ्याव्यात, हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) उंचवटा साधारण मध्यावर ठेवून. फोकस हलवू नये, कॅमेरा फिरवू नये, धूळ पुसण्याचा मोह आवरावा. पुसली तर रात्रीच्या फ्रेममध्ये धुळीच्या गोल सावलीचा मेदुवडा असतो आणि फ्लॅटमध्ये नसतो, मग तो वडा तसाच राहतो. नवी धूळ पडली तर उलट, पांढरा वडा उगवतो. कोपरे अंधारण्याऐवजी उजळले, तर रात्रीच्या फ्रेम्समधून बायस (सेन्सरची अंगभूत भर) वजा करायचं राहिलंय. पुन्हा बनियन ताणण्याआधी एवढं तपासावं.

आमच्या हवेत दवाची भर असते. मध्यरात्रीनंतर लेन्सवर दव बसतं आणि प्रत्येक ताऱ्याभोवती दुधाळ वलय येतं. हे वलय कुठल्याही स्लायडरने जात नाही. हीटरची पट्टी आधीच बांधावी, दव दिसल्यावर नव्हे.

पार्श्वभूमी सपाट झाली की मगच फोटोमेट्रिक रंगजुळणी. ती ताऱ्यांचे मोजलेले रंग कॅटलॉगमधून घेते आणि पार्श्वभूमी एकसारखी आहे असं गृहीत धरते. नारिंगी कोपरा शिल्लक असताना चालवली तर तो कोपराच तिची फसवणूक करतो. हे सगळं स्ट्रेच करण्याआधी. त्यानंतर उरलेला हिरवा काढायचा असेल तर तोही बेताने, नाही तर सगळं किरमिजी होतं. ताऱ्यांच्या कडा किरमिजी असतील तर चित्र उलट करा, हिरवा काढा, पुन्हा उलट करा. वेडेपणाचं वाटतं, पण उलट चित्रात किरमिजी हिरवा होतो, म्हणून चालतं.

आतला फिल्टर न बदललेल्या साध्या कॅमेऱ्यातून लाल तेजोमेघ लालभडक येत नाही म्हणून स्लायडर ओढू नये. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश कॅमेऱ्याच्या आतल्या फिल्टरने बराचसा अडवलेलाच असतो. जो प्रकाश आलाच नाही, तो ओढून काय हाती लागणार? फक्त लाल ठिपक्यांचं पीठ.

राहिली हौस कुळकुळीत काळ्या आकाशाची. आकाश काळं नसतं. शेवटच्या चित्रात २५५ पैकी वीस-तीसच्या आसपास पार्श्वभूमी हवी, आणि तिन्ही रंगांत जवळपास सारखी. काळं करायला गेलं की फिकट तेजोमेघ आधी जातो, दाण्यांचा खरखरीतपणा मागे उरतो.

आणि एक. लॅपटॉपचं नाइट लाइट बंद करावं. ते रात्री आपोआप चालू होतं, पडदा पिवळसर दिसतो, म्हणून आपण दोन वाजेपर्यंत निळा वाढवत राहतो. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजेपर्यंत आकाशगंगेला धोब्याची नीळ लागलेली असते. हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण ते नेहमी शेवटीच आठवतं.