जिलेबीचा चष्मा

"दोन फोटो टाकलेत, त्यांचं एकच काहीतरी हटके करून द्या," असं कोणी म्हणालं की माझ्यासारख्या लोगो काढणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "तुम्हाला काय, दोन मिनिटांचं काम."

यावेळी गिऱ्हाईक म्हणजे दोघे साडू. गाळा एकच. अर्ध्यात थोरल्यांची जिलेबी-फरसाण, अर्ध्यात धाकट्यांचे चष्मे. भाडं निम्मं-निम्मं, म्हणून लोगोही एकच. जिलेबीचा फोटो व्हॉट्सॲपवर इतका फिरून आलेला की ती कढईतली आहे की एक्स-रेमधली, कळेना. चष्मा कॅटलॉगमधून उचललेला, अंगावर आडवा वॉटरमार्क. जिलेबीवर उजेड डावीकडून, चष्म्यावर उजवीकडून. शेजारी ठेवले तर दोघांचं बोलणं बंद असावं असं वाटे.

खरं तर दोन चित्रांचं एक करायचं म्हणजे एकावर एक रचायची नसतात. दोघांत सारखी असलेली रेघ हुडकायची आणि ती एकदाच काढायची. फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या लोगोत ई आणि एक्सच्या मधल्या रिकाम्या जागेत बाण दिसतो. १९९४ साली डिझायनर लिंडन लीडर यांनी तो असा बसवला की वेगळा काढावाच लागला नाही. लांब कशाला, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात एका खांबावर चार हरणं आहेत आणि डोकं एकच! ज्या हरणाकडे बघाल, त्याचंच वाटतं. कारागीर थोर होताच, पण मला हेवा वाटतो तो त्याच्या गिऱ्हाइकाचा. "आमच्या हरणाचं डोकं कुठंय?" असं त्याने विचारलेलं दिसत नाही.

मला रेघ सापडली. शेजारी-शेजारी दोन जिलेब्या, बाहेरचं वेटोळं म्हणजे चष्म्याची फ्रेम, मध्ये नाकावर पाकाची तार आणि सुटलेलं टोक मागे नेऊन कानावरची काडी. रंग एकच, केशरी. पेन टूलने बिंदू ओढता ओढता पहाट झाली. चहा घेऊन आलेली बायको स्क्रीनकडे बघून म्हणाली, "अगंबाई, जिलेबीचा चष्मा!" झालं, पास.

साडूंनी मोबाईल हातभर लांब धरून पाहिला.

"यात जिलेबी कुठंय? हा तर नुसता चष्मा," थोरले म्हणाले.

"चष्मा कुठला? या तर जिलेब्या," धाकटे म्हणाले.

म्हणजे लोगो तंतोतंत जमला होता, आणि तेवढाच नापास झाला होता.

"पाक गळताना दाखवा."

"काचेवरून पाक गळला तर माझ्याकडे कोण फिरकेल?"

"आणि भाऊ, कोपऱ्यात जागा आहे तिथे एक मोर टाका."

शेवटी बोर्डावर डावीकडे जिलेबीचं ताट, उजवीकडे चष्मा, मध्ये हात जोडलेले दोन्ही साडू आणि मोर. थोरल्यांनी त्यांचे निम्मे पैसे लगेच दिले. धाकट्यांचे अजून यायचेत. चष्मा ताटापेक्षा दोन इंच लहान आलाय, तेवढे कापून देतो म्हणतात.