‘आराम कर’ म्हणणं आता बास करा

‘आराम कर’ हे दोन शब्द परत कुणी ऐकवले ना, तर मी खरंच ओरडणार आहे, आधीच सांगून ठेवते.

बॅडमिंटन खेळताना टाचेच्या मागची ती जाड शीर, अकिलिस टेंडन, पूर्ण तुटली. ऑपरेशन केलं नाही, बूट घातलाय, तो गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा काळा बूट, आत टाचेखाली पाचरी असतात त्या हळूहळू एकेक काढत जायच्या. ते नीट चाललंय. पायावर राग नाहीच माझा. राग ह्याचा आहे की एक टाच गेली म्हणून अख्खं माणूस बाद झाल्यासारखं सगळे वागायला लागलेत. अरे दोन हात आहेत, दुसरा पाय धडधाकट आहे, पाठ, पोट, फुफ्फुसं सगळं जागच्या जागी आहे, त्यांना कशाला पलंगावर झोपवताय?

आणि घरातलं सांगू का. सतरंजी टाकून झोपल्या झोपल्या पाय वर उचलायचे, खुर्चीत बसून डंबेल मारायचे, एवढंच करत होते, तर लगेच सासूबाई दारात, ‘अगं पाय तर बरा होऊ दे, मग कर काय करायचं ते.’ बरं. त्याच दिवशी रात्री, ‘भाकऱ्या तेवढ्या टाक की, गरम गरम, सगळे बसलेत.’ म्हणजे बसून दंड हलवला तर पायाला धोका आणि ओट्यापाशी तासभर उभं राहिलं तर नाही? उलट आहे हो! पाय खाली लोंबकळत तासभर उभं राहिलं की घोटा इतका सुजतो की बुटाचे पट्टे सैल करावे लागतात, रात्री उशीवर पाय ठेवला तरी ठणका जात नाही. बाईचं घरकाम कुणाला कष्ट म्हणून दिसतच नाही, आणि व्यायाम म्हटला की तो चैनीचा, तो आधी बंद. आमच्या ह्यांना मी स्पष्ट सांगितलंय, ज्या दिवशी माझा व्यायाम बंद त्या दिवशी भाकऱ्या पण बंद.

दवाखान्यात तर काय, एवढ्या रांगेत बसून आत गेल्यावर दोन वाक्यं. ‘जास्त हालचाल नको. सहा आठवड्यांनी दाखवा.’ जास्त म्हणजे किती? बाथरूमला जाणं जास्त? जिना जास्त? बुटात वजन टाकायचं का नाही, टाकायचं तर किती, रात्री बूट काढायचा का, संडासला कुठं बसायचं? हे शेवटचं तर कुणी बोलतच नाही, पण अजून कितीतरी घरात खाली बसायचा संडास आहे आणि उकिडवं बसलं की घोटा पूर्ण वाकतो, शीर ताणली जाते, जुळत आलेली शीर तिथंच लांब होऊ शकते, परत तुटू पण शकते. ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला नको? एक कागद छापून हातात द्या, बास, एवढंच मागणं आहे. मला हे सगळं फिजिओकडं गेल्यावर कळलं, आणि फिजिओकडं जा म्हणून सुद्धा दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं, मैत्रिणीनं सांगितलं.

फिजिओनं सांगितलं ते ऐकून मी तर चाटच पडले. बुटात, कुबड्या घेऊन, सोसेल तेवढं वजन टाकत लवकर चालायला लागायचं, हीच आता पद्धत आहे. कारण शिरेला थोडा थोडा भार मिळाला की तिचे धागे एका दिशेनं जुळत जातात, आणि पाय नुसता ठेवून दिला तर पोटरी भराभर वाळते, ती परत भरायला महिने जातात. त्यात पाय हलवलाच नाही तर पोटरीत रक्ताची गुठळी व्हायची भीती वेगळीच. ऑपरेशन न करता चूक केलीस म्हणणाऱ्यांना पण सांगते, नॉर्वेत पाचशेवर लोकांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये छापून आला, ऑपरेशनवाले आणि बिनऑपरेशनवाले वर्षभरानं जवळपास सारखेच होते. हां, परत तुटायचं प्रमाण बिनऑपरेशनवाल्यांत जास्त होतं, शंभरात सहा, आणि ऑपरेशनवाल्यांत एकापेक्षा कमी. ते मला माहितेय, म्हणूनच जपते मी. पण जपणं म्हणजे लोळणं नव्हे, त्या अभ्यासातल्या सगळ्यांनाच पायावर उभं करून चालवलं होतं.

त्यात शेजारच्या काकूंनी मालिशवाला आणला. तालमीतल्या पोरांचं मालिश करतो म्हणे, चोळून शीर बसवतो. तुटलेली शीर चोळून कशी बसणार? आणि आत गुठळी असेल तर पोटरी चोळणं जिवावर बेतू शकतं. मी हात लावू दिला नाही तर काकूंना राग आला, अजून बोलत नाहीत. नका बोलू.

समजूतदार माणूस एकच भेटला ह्या सगळ्यात, आमच्या कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीतले एक मामा. बुटामुळं एक पाय उंच होतो, दुसरा खाली राहतो, चालताना कंबर वाकडी होते, आणि सगळी पाठ धरते. मी काही बोलायच्या आधी मामांनी माझी चाल बघितली, दोन्ही पाय फरशीवर शेजारी ठेवायला लावले, बोटानं फरक मोजला आणि माझ्या चांगल्या पायाच्या सँडलला खालून चामड्याचे दोन थर चिकटवून वर रबर मारून दिलं. त्या संध्याकाळी कंबर दुखली नाही. आणि वर स्वतःच म्हणाले, ‘ताई, बूट निघाल्यावर लगेच आमची सपाट चप्पल घालू नका, टाच उंच पायजे.’ बरोबर आहे, फिजिओ पण तेच म्हणाल्या. स्वतःचा माल विकायचा सोडून माणूस हे सांगतोय!

बरं, चालायचं तरी कुठं? रंकाळ्यावर जावं म्हटलं तर फुटपाथवर गाड्या लावलेल्या, फरश्या उचकटलेल्या, त्यात पावसाळा, शेवाळावर कुबडीचं रबर टेकलं की सर्रकन सरकतं. त्या रबराच्या खालच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्यात, नवीन घ्यायला गेले तर सुटं रबर नाही, जोडी घ्या म्हणाले. रबरासाठी कुबड्यांची अख्खी जोडी?

जिमवाल्यानं तर कहर केला. मला फक्त बसून करायची मशीनं पाहिजे होती, वरून ओढायचं, खांद्याचं, आणि चांगल्या पायाचं. एका पायाला व्यायाम दिला तर दुसऱ्याची ताकद पण थोडी टिकते, हे खरंच आहे. तर ‘मॅडम, बूट निघाला की या, इथं काय झालं तर जबाबदारी कुणाची?’ लिहून देते म्हटलं, फिजिओची चिठ्ठी दाखवली, तरी नाही. मग मेंबरशिप तेवढे महिने पुढं ढकला म्हटलं तर ते पण नाही! आत पण येऊ देणार नाही आणि पैसे पण खाणार.

पाण्याचं पण तेच. बूट निघाल्यावर छातीइतक्या पाण्यात चालणं सगळ्यात भारी, वजन तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जाणवतं. चौकशीला गेले तर पोहायच्या टाकीत उतरायला सरळ उभी लोखंडी शिडी, म्हणजे सगळा भार चवड्यावर, टाच अधांतरी. पायऱ्या नाहीत, धरायला कठडा नाही. आणि बायकांची बॅच तासाभराची, ती पण नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला. पेठापेठात फुटबॉल खेळणारं हे गाव, दर सीझनला कुणाचा ना कुणाचा घोटा जातो, त्या पोरांनी काय करायचं? पलंग नाहीतर थेट मैदान, मधे काहीच नाही. अर्धवट बरं झालेलं पोरगं महिन्यात परत उतरतं आणि कायमचं लंगडतं.

‘आता वय झालं, बॅडमिंटन विसर’ म्हणणारे पण आहेत. का विसरू? फुटबॉलवाल्या बेकहॅमची हीच शीर मार्च २०१० मध्ये तुटली, वर्ल्ड कप हुकला, सप्टेंबरमध्ये तो परत मैदानावर होता. मला काय वर्ल्ड कप खेळायचा नाही, मला नऊ महिने लागू देत, वर्ष लागू दे, मी कोर्टवर जाणार. आधी खुर्चीत बसून टाचा उचलायच्या, मग उभं राहून दोन्ही पायांवर, मग एकावर, ते जमल्याशिवाय पळणार पण नाही. हे सगळं मला कळतं, मी पाळतेय.

कोल्हापुरात कुणाला पायऱ्या आणि कठडा असलेला पोहण्याचा तलाव माहीत असेल, किंवा बूट घातलेल्या बाईला बसून व्यायाम करू देणारी जिम, तर नाव आणि वेळ सांगा. आणि कुबडीचं सुटं रबर कुठं मिळतं ते पण.