वाढदिवसाची पुरवणी आणि "पेपरात आलंय"

आज सकाळी ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वर्तमानपत्राचं कात्रण लावलेलं दिसलं. चार कॉलमी मथळा, हात जोडलेला फोटो, आणि मजकूर असा की या पट्ट्यातला पाणीप्रश्न एका माणसाच्या अथक पाठपुराव्यामुळे सुटला. त्या सोसायटीत आजही टँकर येतो. कात्रण लावणारे काका निवृत्त शिक्षक, सज्जन माणूस, कुठल्याही पक्षाच्या दारात कधी न गेलेले. विचारलं तर म्हणाले, "अहो, मी कुठे म्हणतोय? पेपरात आलंय."

डोकं सणकलं ते या दोन शब्दांनी. ते कात्रण एका नेत्याच्या वाढदिवस विशेष पुरवणीतलं होतं. पैसे मोजून घेतलेलं पान.

ठाणे-नवी मुंबईत या पुरवण्या कशा उभ्या राहतात ते एकदा सविस्तर लिहिते. वाढदिवसाच्या दोन-तीन आठवडे आधी जाहिरात प्रतिनिधी यादी घेऊन फिरायला लागतो. यादीत बिल्डर, ठेकेदार, केटरर, क्लासवाले, पतपेढी, गणेशोत्सव मंडळाचे अध्यक्ष. प्रत्येकाकडून शुभेच्छांची एक चौकट घ्यायची, ८ बाय १० सेंटीमीटरची. तालेवार असेल तर पाव पान. मध्ये एजन्सी असेल तर तिचं १५ टक्के कमिशन. चार पानांचा खर्च निघेल एवढ्या चौकटी जमल्या की पुरवणी पक्की. मग चौकटींच्या मधल्या जागेत लेख लागतात. ते संपादकीय विभागातलं कुणी लिहीत नाही. साहेबांच्या कार्यालयातून मजकूर तयार होऊन ईमेलने येतो, मथळ्यासकट, फोटोओळीसकट. डीटीपीवाला पानात बसवतो, शुद्धलेखन कुणी तपासलंच तर नशीब.

आणि पुष्कळदा या जाहिराती गोळा करण्याचं काम त्या भागाच्या वार्ताहराकडेच असतं. त्याला मानधन मिळतं ते इतकं तुटपुंजं की घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. आता सांगा, ज्या ठेकेदाराकडून त्याने शुभेच्छांची चौकट आणली, त्याच ठेकेदाराने केलेला रस्ता पहिल्या पावसात उखडला तर तो काय लिहिणार? बहुतेक वेळा काहीच लिहीत नाही. पुरवणीत छापून आलेला मजकूर तरी दिसतो. न छापलेली बातमी कुणालाच दिसत नाही, आणि मतं बनवण्यात तिचा वाटा मोठा असतो.

मान्य, वर्तमानपत्राच्या किमतीत कागदाचा आणि छपाईचा खर्चही निघत नाही, जाहिरातीशिवाय स्थानिक पत्रकारिता जगणार नाही. जाहिरात जरूर छापा. पण ती जाहिरात म्हणून छापा.

"अहो, वर लिहिलेलं असतं की!" असं काही जण म्हणतील. असतं. पानाच्या माथ्यावर, तारखेच्या ओळीशेजारी, बारीक टाइपात: 'जाहिरात', 'प्रायोजित', नाहीतर नुसतं 'विशेष पुरवणी'. वर्तमानपत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलची आचारसंहिता सांगते की जाहिरात आणि बातमी वाचकाला वेगवेगळी ओळखता आली पाहिजे. पण हा शब्द अख्ख्या पानाला मिळून एकदाच असतो. काकांनी कात्रीने मजकुराची चौकट कापली आणि तो शब्द रद्दीत गेला. ई-पेपरवर तर कात्रीही लागत नाही. लेखाचा तुकडा निवडा, शेअर दाबा, तेवढाच तुकडा पुढे जातो, पानाचा माथा मागेच राहतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचेपर्यंत त्याची रीतसर बातमी झालेली असते, वर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख मिरवत. ही सोय बनवणाऱ्यांना आणि पुरवण्या काढणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं मला कुणी सांगू नये.

ओळखायचं कसं, तर मजकूर वाचा. बातमीत कुणीतरी कधीतरी कुठेतरी काहीतरी केलेलं असतं, आणि निदान एका वाक्यात दुसरी बाजू असते. विकतच्या मजकुरात विशेषणं असतात. पाण्याची बातमी असेल तर किती दशलक्ष लिटर, कुठल्या जलकुंभातून, कुठल्या तारखेपासून, किती व्यासाची जलवाहिनी, ठेका कुणाला, काम कधी पुरं होणार, यातलं काहीतरी असायलाच हवं. त्या कात्रणात यातलं काही नाही. आहे ते 'दमदार', 'कार्यसम्राट' आणि 'सर्वसामान्यांचा आधारवड'. बायलाइन, म्हणजे लिहिणाऱ्याचं नाव, नाही, 'प्रतिनिधी' एवढंच. दुसरी खूण म्हणजे तोच मजकूर शब्दशः दुसऱ्या वर्तमानपत्रात दिसतो. एखादं वाक्य उचला, अवतरण चिन्हात टाकून शोधा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्या महाराष्ट्रात हेच उघडकीला आलं होतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या वर्तमानपत्रांत एकच लेख, स्वल्पविरामासकट, वेगवेगळ्या लेखकांच्या नावाने. त्यातून 'पेड न्यूज', म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द घराघरात पोचला. त्याच वर्षी प्रेस कौन्सिलने याच विषयावर दोन सदस्यांची उपसमिती नेमली होती. उपसमितीने सविस्तर अहवाल दिला, वर्तमानपत्रांची नावं घेऊन. २०१० साली कौन्सिलने त्याऐवजी छोटा, नावं गाळलेला अहवाल प्रसिद्ध केला. मूळ अहवाल लोकांसमोर यायला माहिती अधिकाराचा दणका लागला, २०११ साली. आजही आठवलं की संताप होतो.

आता यातला सगळ्यात चीड आणणारा भाग. निवडणुकीच्या काळात हे असलं पकडायला यंत्रणा आहे, आणि ती कागदावर तरी बरी आहे. लोकसभा-विधानसभेला प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण आणि संनियंत्रण समिती बसते, सगळे तिला एमसीएमसी म्हणतात. टीव्ही, केबल, रेडिओ, सोशल मीडिया, ई-पेपर, एकगठ्ठा एसएमएस, फोनवरचे रेकॉर्डेड संदेश, या सगळ्यांवरची राजकीय जाहिरात आधी या समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. नोंदणीकृत पक्ष आणि उमेदवार यांनी प्रसारणाच्या किमान ३ दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी ७ दिवस आधी. याचं मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशात आहे. पेड न्यूजचा संशय आला तर प्रसिद्धीनंतर ९६ तासांत निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला नोटीस काढतो, उमेदवाराने ४८ तासांत उत्तर द्यायचं. पेड न्यूज ठरली की मजकुराची जागा मोजतात आणि सरकारी जाहिरात दराने गुणतात. समजा १६ बाय २० सेंटीमीटरचा मजकूर, म्हणजे ३२० चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरला १०० रुपये धरला तर ३२,००० रुपये उमेदवाराच्या खर्चात. विधानसभेला मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख. (सरकारी दर बाजारातल्या दराहून बराच कमी असतो, तेव्हा इथेही उमेदवाराला सवलतच मिळते.)

पण हा सगळा हिशेब कधी सुरू होतो? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे उमेदवाराचा खर्च मोजला जातो तो उमेदवारी दाखल झाल्यापासून निकालाच्या दिवसापर्यंत. जेमतेम महिनाभर. आधीची चार वर्षं अकरा महिने मैदान मोकळं! आजच्या त्या पुरवणीचा खर्च कुणाच्याही खात्यात पडणार नाही. कारण आज तो माणूस उमेदवारच नाही, तो फक्त वाढदिवस असलेला माणूस आहे. तीन हात नाक्यावरची कमान, रिक्षांच्या पाठीमागची पोस्टरं, हळदीकुंकवाचं वाण, दिवाळी पहाटचा मांडव, जानेवारीत दारात येऊन पडणारी फोटोवाली दिनदर्शिका, जी पुढचे बारा महिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर राहते, यातलं काहीच निवडणूक खर्च नाही. त्याच कायद्याच्या कलम १२७अ नुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं सक्तीचं आहे, नाहीतर सहा महिने कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही. वाढदिवसाच्या बॅनरवर मात्र 'शुभेच्छुक' म्हणून पंधरा चेहरे असतात आणि पैसे कुणी दिले ते कुठेच नसतं.

माणसाचं मत तयार होतं ते याच मोकळ्या काळात. शेवटच्या पंधरवड्यातल्या भोंग्याने फारसं कुणी हलत नाही. २०१८ साली अमेरिकेतल्या जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन या दोन राज्यशास्त्रज्ञांनी प्रचारावरचे ४९ क्षेत्रीय प्रयोग एकत्र तपासले आणि सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने मत पालटण्याचा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य येतो असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष तिथला आहे, आणि तिथे पक्षनिष्ठा घट्ट असते, हे खरं. पण जाहिरातीने काहीच होत नाही म्हणणाऱ्यांना तो कायम हाताशी लागतो, म्हणून आधीच सांगून टाकते. परिणाम होतो तो आधी, हळूहळू, आणि प्रचार वाटत नाही अशा वाटेने. १९७७ सालचा एक साधा प्रयोग आहे: लोकांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा विधानांची यादी दिली, त्यातली काही विधानं तिन्ही वेळा होती. पुन्हा पुन्हा कानावर पडलेली विधानं लोकांना जास्त खरी वाटू लागली, मग ती खरी असोत वा खोटी. काकांनी ते पाणी सुटल्याचं वाक्य बॅनरवर वाचलंय, दिनदर्शिकेवर वाचलंय, ग्रुपवर वाचलंय. पुरवणीत वाचलं तेव्हा ते त्यांना ओळखीचं वाटलं, आणि ओळखीचं ते खरं वाटलं. काकांवर मी चिडले होते, ते चूक. भाषा शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा छापील अक्षरावर विश्वास असणारच. तो विश्वासच इथे चौरस सेंटीमीटरच्या दराने विकला जातोय.

याहून मोठं नुकसान म्हणजे प्रश्नच बदलून जातो. मॅकोम्ब्स आणि शॉ या दोन माध्यम-अभ्यासकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपेल हिल गावातले मतदार तपासून दाखवलं होतं की माध्यमं ज्या विषयांना जास्त जागा देतात, तेच विषय मतदारांना महत्त्वाचे वाटू लागतात. आपल्याकडे घोडबंदरला 'पाणी का येत नाही' हा प्रश्न होता. पुरवणीनंतर ग्रुपवर वाद पेटला तो 'पाणी कुणी आणलं' यावर! दोन गट पडले, दोन नेत्यांच्या नावाने, तासभर भांडण. टँकरच्या बिलाचा विषय कुणीच काढला नाही.

फेसबुक-इन्स्टावर निदान शोधायला जागा आहे, ती वापरा. मेटा या त्यांच्या कंपनीच्या ॲड लायब्ररीत जा, देश भारत निवडा, जाहिरातीचा प्रकार म्हणून निवडणूक-राजकारणाचा पर्याय घ्या आणि पेजचं किंवा नेत्याचं नाव टाका. बंद झालेल्या जाहिरातीसुद्धा दिसतात, सात वर्षांपर्यंत. प्रत्येकीखाली पैसे कुणी दिले, साधारण किती दिले, किती वेळा दिसली, कुठल्या वयाच्या स्त्रियांना-पुरुषांना दिसली, ते असतं. 'आपलं ठाणे' छापाची, मिसळ आणि तलावपाळीचे फोटो टाकणारी गोंडस पेजेस मधेच एका नेत्याची रील पैसे देऊन बूस्ट करतात, ती इथे सापडतात. त्रुटीही सांगते. रक्कम पट्ट्यात देतात, नेमकी नाही. पैसे देणाऱ्याच्या जागी पुष्कळदा नुसतं पेजचंच नाव असतं. आणि इन्फ्लुएन्सरला रोख देऊन करून घेतलेली रील इथे येतच नाही, कारण मेटाच्या लेखी ती जाहिरातच नाही.

माझी मागणी अगदी छोटी आहे. 'जाहिरात' हा शब्द पानाच्या माथ्यावर नको, प्रत्येक मजकुराच्या चौकटीत, मथळ्याच्या वर, मथळ्याच्या निम्म्या आकारात छापा. म्हणजे कापला तरी सोबत जाईल, शेअर केला तरी सोबत जाईल. याला एक पैसा जास्त लागत नाही. ठाण्या-वाशीतले माझे पत्रकार मित्र हे वाचतायत, तुमच्यातल्या कित्येकांना या पुरवण्यांची किती लाज वाटते ते मला माहीत आहे. जाहिरात विभागाशी भांडणं तुमच्या हातात नसेल, पण हे एवढं मागणं तरी संपादकांपर्यंत न्या.

वाचकांनी तक्रार करायची तर आधी संपादकाला लेखी पत्र, मूळ पान जोडून, अख्खं पान, तुकडा नव्हे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर प्रेस कौन्सिलकडे. दैनिक-साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत. मराठी मजकुराचं इंग्रजी भाषांतर, संपादकाशी झालेला पत्रव्यवहार, आणि या विषयावर कोर्टात काही चालू नाही असं घोषणापत्र जोडायचं. कौन्सिलला दंड करता येत नाही, ताकीद देता येते, निषेध नोंदवता येतो, तेवढाच. निवडणुकीच्या काळात मात्र पेड न्यूजची तक्रार थेट जिल्हा एमसीएमसीकडे. ठाणे, ऐरोली, बेलापूरवाल्यांनी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. खारघर, कामोठे, पनवेलचे लोक दर वेळी ठाण्यालाच अर्ज पाठवतात आणि तो परत फिरतो. तुमचा जिल्हा रायगड, अर्ज अलिबागला जायला हवा.